पगार टीटीत, हिशेब रुपयांत

वाचकाचे पत्र:

स. न. वि. वि. आम्ही अलिबागला राहतो. माझे मिस्टर रायगडातल्या एका खत कारखान्यात अमोनिया प्लांटवर इन्स्ट्रुमेंट इंजिनियर आहेत. त्यांना त्रिनिदादमध्ये पॉइंट लिसास इथे दोन वर्षांचे कंत्राट आले आहे. पगार महिना २४,००० टीटी डॉलर (त्रिनिदाद-टोबॅगोचे चलन). घर आपले आपण बघायचे, विमानाचे तिकीट फक्त त्यांचे मिळणार. रुपयांत तीन लाखांच्या वर होतात म्हणून सासरी सगळे खूश आहेत. इंटरनेटवर बघावे तर कुणी म्हणते हजार डॉलरांत महिना निघतो, कुणी म्हणते चार हजारही पुरत नाहीत. आम्ही तिघे. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. मी घरी गणिताच्या शिकवण्या घेते. आठवड्यातून दोनदा मासे लागतात. महिन्याला खर्च किती धरायचा, गाठीला किती राहतील आणि सोबत काय न्यायचे?
ता. क. गणपतीत उकडीच्या मोदकांची पिठी तिथे मिळते का?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर:

ताई,

हजार आणि चार हजार, दोन्ही आकडे खरे आहेत. फक्त त्यातला एकही तुमचा नाही. हजार अमेरिकी डॉलरांत राहणारा माणूस बहुधा एकटा असतो. चग्वानससारख्या गावात कुणाच्या तरी घराच्या तळमजल्यावर दोन खोल्या घेतो आणि शेअर टॅक्सीने फिरतो. चार हजारवाले कुटुंब राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या पश्चिमेला वेस्टमूरिंग्जमध्ये फाटकाआड राहते, मुले अमेरिकी अभ्यासक्रमाच्या शाळेत जातात आणि भाडे व फी बहुतेक वेळा कंपनी भरते. तुमचा संसार या दोघांच्या मधला आहे. शिवाय प्लांट राजधानीत नाही, तिथून पस्तीस-चाळीस किलोमीटर दक्षिणेला, कूव्हाजवळ आहे. राजधानीचे भाव तुम्ही डोक्यातून काढून टाका.

दुसरा घोटाळा नावाचा. तिथे दुकानात, बाजारात नुसते 'डॉलर' म्हटले की टीटी डॉलर समजायचे. घरांच्या जाहिरातींत मात्र, विशेषतः राजधानीच्या बाजूला, तोच शब्द अमेरिकी डॉलरसाठी असू शकतो. एका अमेरिकी डॉलरला साधारण ६.८ टीटी मिळतात. एक टीटी म्हणजे साधारण १३ रुपये. खाली वेगळे सांगितले नसेल तिथे आकडा टीटीतला धरा. भाडे, किराणा वगैरेंचे आकडे अंदाजाचे आहेत, ते थोडे मागेपुढे होतील.

आधी हातात किती पडतात ते बघू. तिथे आयकर वर्षाला दहा लाख टीटीपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सरसकट २५ टक्के आहे, त्यापुढे ३० टक्के. २०२३ पासून रहिवाशाला पहिल्या ९०,००० टीटींवर कर नाही. तुमचे वर्षाचे २,८८,०००, त्यातून ९०,००० वजा जाता १,९८,००० उरतात. त्याचे २५ टक्के ४९,५००, म्हणजे महिन्याला सुमारे ४,१००. शिवाय नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे आपल्या पीएफ-पेन्शनसारखी सक्तीची वर्गणी, कापला जातो. त्याच्या वर्गणीचा दोन तृतीयांश भाग मालक भरतो आणि एक तृतीयांश तुम्ही. तुमचा वाटा महिना सातशेच्या आसपास जाईल. हेल्थ सरचार्ज आठवड्याला ८.२५ टीटी, म्हणजे किरकोळ. सगळे जाऊन हातात सुमारे १९,२०० टीटी येतील. कर दर पगारातूनच कापतात, पण त्यासाठी पोचल्याबरोबर बोर्ड ऑफ इनलँड रेव्हेन्यूचा क्रमांक काढावा लागतो, म्हणजेच बीआयआर नंबर. तो नसेल तर पहिले काही पगार भलत्याच आकड्याने कापले जातात आणि परतावा मिळवायला बरेच खेटे घालावे लागतात. त्यांचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असते. वर्ष संपल्यावर मालकाकडून टीडी-४ नावाचा दाखला मिळतो, तो जपून ठेवा.

भारतातल्या कराचे एक लक्षात असू द्या. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याचे त्या आर्थिक वर्षातले भारतातले दिवस १८२ पेक्षा कमी भरले, तर तो अनिवासी ठरतो आणि तिथल्या पगारावर इथे कर लागत नाही. सोप्या भाषेत, २८ सप्टेंबरपर्यंत निघालात तर बरे. त्यानंतर निघालात तर त्या पहिल्या वर्षी तिथला पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागेल. दोन्ही देशांत १९९९ पासून दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, त्यामुळे तिथे भरलेल्या कराची वजावट मिळते, पण कागद सांभाळण्याचा व्याप वाढतो.

आता ज्यावर सगळे अडते ती गोष्ट. महिना किती लागतो हा प्रश्न त्रिनिदादपुरता दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न, पगार कोणत्या चलनात आणि कोणत्या देशातल्या खात्यात जमा होणार? टीटी डॉलर त्या देशाबाहेर कुणी घेत नाही. अलिबागला पैसे पाठवायचे तर आधी तिथल्या बँकेतून अमेरिकी डॉलर विकत घ्यावे लागतात, आणि गेली दहाएक वर्षे तिथे नेमकी त्याचीच टंचाई आहे. देशाला परकीय चलन मिळते ते मुख्यतः तेल, वायू आणि वायूपासून बनणाऱ्या अमोनिया-मिथेनॉलमधून. वायूचे उत्पादन घटले, चलनाचा दर मात्र जवळपास स्थिर धरून ठेवलेला आहे. त्यामुळे कागदावरचा भाव ६.८, पण त्या भावाने हवे तेवढे डॉलर काउंटरवर मिळत नाहीत. बँका ग्राहकामागे मर्यादा घालतात, अर्ज घेऊन थांबायला सांगतात, आणि क्रेडिट कार्डावर परदेशी खर्चाची मर्यादा त्यांनी वेळोवेळी खाली आणली आहे. बाजारात चढ्या भावाने डॉलर देणारे भेटतील. तो व्यवहार बेकायदा आहे. वर्क परमिटवर राहणाऱ्या माणसाने त्या वाटेला अजिबात जाऊ नये.

याचा अर्थ असा की महिन्याला हजारो टीटी शिल्लक राहिले तरी ते कूव्हाच्या खात्यात पडून राहू शकतात, आणि अलिबागच्या घराचा हप्ता त्यातून फिटत नाही. म्हणून सही करण्याआधी करारात एक कलम लिहून घ्या: पगाराचा निदान निम्मा भाग अमेरिकी डॉलरमध्ये, त्रिनिदादबाहेरच्या खात्यात. पॉइंट लिसासच्या कंपन्यांचा माल निर्यात होतो, त्यांचे उत्पन्न डॉलरमध्ये असते. मागणी अवाजवी नाही. कर मात्र पूर्ण पगारावर तिथेच लागेल. डॉलर भारतात घ्यायचे तर एनआरई खाते, म्हणजे अनिवासी भारतीयांचे रुपयांतले खाते, उघडा, त्यात ते आल्याबरोबर रुपये होतात. डॉलर डॉलरच ठेवायचे असतील तर एफसीएनआर ठेव करा. 'नंतर बघू, सगळ्यांचे होते' असे तोंडी आश्वासन मिळाले तर ते नाही असेच समजा.

घर. प्लांट कूव्हाजवळ म्हटल्यावर तीन भाग बघायचे: उत्तरेला चग्वानस, मधले कूव्हा-कॅलिफोर्निया-फ्रीपोर्ट, आणि दक्षिणेला सॅन फर्नांडोजवळचे गल्फ व्ह्यू आणि पाल्मिस्त. दोन शयनगृहांचे फर्निचरसह घर साधारण ४,५०० ते ७,००० टीटीत पडते. स्वतंत्र फाटक आणि रखवालदार असलेल्या वसाहतीत वरचा आकडा धरा. सुरुवातीला पहिल्या महिन्याचे भाडे आणि एक महिन्याची अनामत, कधी दोन महिन्यांची. 'सेमी फर्निश्ड' म्हणजे बहुधा शेगडी-ओव्हन, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि एसी. पलंग, टेबल तुमचे. दोन वर्षांसाठी ते विकत घेण्यात अर्थ नाही, पाच-सातशे टीटी जास्त गेले तरी पूर्ण फर्निश्ड घ्या. राजधानीजवळ राहून रोज ये-जा करायचा विचार असेल तर सोडून द्या. सकाळी हायवेवर गर्दी राजधानीकडे जाणारी असते, तुम्ही उलट्या दिशेने जाल हे खरे, पण भाडे दुप्पट-तिप्पट भराल.

घर बघताना एसी किती आहेत हे नंतर बघा, आधी पाण्याची टाकी बघा. तिथे नळाला पाणी बऱ्याच ठिकाणी आठवड्यातून ठराविक दिवस येते, उन्हाळी महिन्यांत, म्हणजे जानेवारी ते मे, आणखी कमी. मागच्या अंगणात काळ्या टाक्या असतात, त्यांना पंप जोडलेला असतो. तिघांसाठी निदान ४०० गॅलनच्या दोन टाक्या हव्यात, म्हणजे तीन हजार लिटरच्या वर साठा होतो आणि काटकसरीने आठवडा निघतो. पंप चालू करून वरच्या मजल्यावरचा नळ सोडून बघा. पाण्याचे बिल तीन महिन्यांनी येते आणि बहुधा घरमालकाकडे असते, तरी करारात तसे लिहिलेले असावे. दुसरे बघायचे ते पुराचे. चग्वानसच्या उत्तरेला कॅरोनी नदीचे सखल खोरे आहे. जून ते डिसेंबर पावसाळा. शेजाऱ्याला सरळ विचारा, भिंतीवर पाण्याची रेघ कुठवर होती? तिथे एकाच घराचा वरचा मजला एकाला आणि खालचा दुसऱ्याला देतात. सखल भागात घेणारच असाल तर वरचा घ्या, भाडे थोडे जास्त असले तरी. वादळांच्या मुख्य पट्ट्याच्या जरा दक्षिणेला असल्याने हरिकेनची भीती इतर बेटांइतकी नाही. खिडक्यांना गज आणि फाटक मात्र हवेच. गुन्हेगारी ही तिथली खरी अडचण आहे आणि भाड्याचा काही भाग आपण तिच्यासाठीच भरत असतो.

वीज स्वस्त आहे, आणि इतकी की तुमचा विश्वास बसणार नाही. बिल दोन महिन्यांचे. पहिल्या ४०० युनिटना २६ सेंट, ४०१ ते १,००० पर्यंत ३२ सेंट, त्यापुढे ३७ सेंट. बिलामागे ६ टीटी स्थिर आकार आणि एकूण रकमेवर साडेबारा टक्के व्हॅट. दोन एसी रात्रभर चालवून दोन महिन्यांत १,६०० युनिट जाळलीत तर १०४, १९२ आणि २२२ मिळून ५१८, त्यात ६ घालून ५२४, व्हॅटसह ५९०. म्हणजे महिन्याला ३०० टीटीच्या आत. सगळ्यात वरच्या टप्प्यातले युनिटही व्हॅट सोडून पाच रुपयांच्या आत पडते. महावितरणच्या वरच्या टप्प्याचा दर याच्या दुपटीहून जास्त आहे. स्वयंपाकाच्या गॅसवर सरकारी सवलत असल्याने २० पौंडांचा, म्हणजे नऊ किलोंचा सिलिंडर २१ टीटींना मिळतो. वेगळी अनामत सिलिंडरची द्यावी लागते. फायबर इंटरनेट आणि दोन मोबाइल मिळून साडेसहाशे धरा. पिण्याच्या पाण्याचे कॅन आणि गॅस मिळून शंभर.

जे विजेत वाचते ते किराण्यात जाते. हा देश खाण्याच्या वस्तू मोठ्या प्रमाणावर बाहेरून आणतो, म्हणून दूध, चीज, सफरचंद, तेल, नाश्त्याचे पदार्थ, सगळ्यांवर जहाजाचे भाडे चढलेले असते. भारतीय दुकानातले बासमती, तूरडाळ आणि चपातीचा आटाही महाग पडतो. पण तुम्हाला एक सोय आहे जी युरोपातून आलेल्यांना कळत नाही. चग्वानसच्या आणि डेबेच्या बाजारात जी भाजी ढिगाने मिळते ती आपलीच आहे, फक्त नावे वेगळी. बोदी म्हणजे चवळीच्या लांब शेंगा, ओक्रो म्हणजे भेंडी, काराइली म्हणजे कारले, सेम म्हणजे वालपापडी, डशीन बुश म्हणजे अळूची पाने, बैगन तर तुम्ही ओळखालच. नुसते 'भाजी' म्हटले तर ते पालेभाजी समजतात. कोथिंबिरीऐवजी शाडो बेनी नावाचे लांब पान वापरतात. वास तिचाच, पण जास्त उग्र, निम्मेच घाला. जिऱ्याला 'गीरा' म्हणतात. हळदीला काही ठिकाणी 'सॅफ्रन' म्हणतात, म्हणून केशर स्वस्त मिळाले म्हणून हरखून जाऊ नका. डाळींत पिवळी मटार डाळ सगळ्यात स्वस्त, दालपुरीत तीच भरतात. रोजच्या वरणाला ती चालवून घेतलीत आणि तूरडाळ सणावारी ठेवलीत तर फरक पडेल. बऱ्याचशा मूलभूत खाद्यवस्तूंवर व्हॅट शून्य आहे. भाजी, मटण, मासे पौंडावर विकतात. भाव ऐकून घाबरण्याआधी किंवा खूश होण्याआधी २.२ ने गुणा, म्हणजे किलोचा भाव कळेल.

मासळीत अलिबागकरांची निराशा होणार नाही. कूव्हाजवळच पारियाच्या आखाताच्या काठी ऑरेंज व्हॅली हे मासेमारीचे बंदर आहे. किंगफिश आणि कॅराइट हे दोन्ही आपल्या सुरमईच्याच कुळातले. कॅराइट आकाराने लहान आणि स्वस्त, कालवणाला छान. किंगफिशच्या तुकड्यांचा भाव सुपरमार्केटमध्ये चढाच असतो. सकाळी बंदरावर जाऊन अख्खा मासा घेतला आणि तिथेच कापून घेतला तर बराच कमी पडतो. आठवड्यातून दोनदा मासे, बाकी बाजारची भाजी आणि महिन्यातून एकदा मोठ्या दुकानातली खरेदी धरून तिघांना ४,२०० टीटी पुरतील. सगळे सुपरमार्केटमधूनच आणलेत तर सहा हजारांवर जाल. खर्च हाताबाहेर जातो तो बहुधा इथेच, आणि आणखी एका वाटेनेही: ऑनलाइन खरेदी. लोक मायामीच्या पत्त्यावर वस्तू मागवून 'स्कायबॉक्स'ने आणतात. वस्तूची किंमत, वजनावर भाडे, आयात शुल्क, त्यावर व्हॅट, आणि वर तुमच्या कार्डाची तुटपुंजी डॉलर मर्यादा खर्च होते ती वेगळीच.

गाडी लागेल, त्यातून सुटका नाही. मॅक्सी टॅक्सी म्हणजे रंगीत पट्ट्यांच्या मिनीबस ठराविक मार्गांवर धावतात, ठराविक वाटेच्या टॅक्सीही आहेत, पण शिफ्टला जाणाऱ्या माणसाला आणि शाळेच्या वेळेला त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. वाहतूक डाव्या बाजूने, आपल्यासारखीच, म्हणून जपानमधून आलेल्या वापरलेल्या गाड्या तिथे खूप चालतात. त्यांना 'फॉरेन यूज्ड' म्हणतात. साधारण ७५,००० टीटीची गाडी दोन वर्षांनी ५०,००० ला गेली असे धरा, म्हणजे महिन्याला हजारावर घसारा. पूर्ण विमा चारशेच्या घरात, टायर-दुरुस्ती साडेतीनशे, आणि पेट्रोल लिटरला सहा टीटीच्या आसपास असल्याने महिन्याला साडेपाचशे. मिळून २,४०० च्या आत. अडचण ७५,००० एकरकमी आणण्याची आहे. बँक नव्या परदेशी माणसाला परमिटच्या मुदतीपलीकडे कर्ज देत नाही, म्हणून पहिले दोन-तीन महिने भाड्याची गाडी घ्यावी लागते आणि ती महिन्याला चार हजारांच्या आसपास जाते. कंपनीकडे बिनव्याजी उचल मागा. भारतीय लायसन्सवर तिथे चालवता येत नाही. पेणच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. तो तिथे तीन महिने चालतो, तेवढ्यात स्थानिक 'ड्रायव्हर्स परमिट' मिळवायचे. इथल्या विमा कंपनीकडून नो क्लेमचे पत्रही न्या, काही विमा कंपन्या ते मानतात.

मुलीची शाळा. वेस्टमूरिंग्जची आंतरराष्ट्रीय शाळा लांब आणि तिची फी अमेरिकी डॉलरच्या हिशेबात, ती सोडा. चग्वानस-सॅन फर्नांडो पट्ट्यात स्थानिक खासगी प्राथमिक शाळा आहेत. सत्राला चार-साडेचार हजार फी, वर्षाला तीन सत्रे, वर जाण्या-येण्याची गाडी, म्हणजे बारा महिन्यांवर पसरून महिना १,६००. वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होऊन जुलैच्या सुरुवातीला संपते. प्रवेशाबरोबर इमिग्रेशनकडून तिचे स्टुडंट परमिट काढावे लागते. नऊ वर्षांची मुलगी बहुधा स्टँडर्ड थ्रीला बसेल. स्टँडर्ड फाइव्हमध्ये एसईए नावाची परीक्षा असते, तिच्यावर माध्यमिक शाळा ठरते आणि तिचा धसका आपल्या दहावीइतका. दोन वर्षांत परतलात तर ती टळेल. कंत्राट वाढवायची वेळ आली तर आधी हा विचार करा.

तुमच्या शिकवण्यांबद्दल: नवऱ्याच्या परमिटवर गेलेल्या बायकोला कामाचा हक्क मिळत नाही. घरच्या घरी पैसे घेऊन शिकवणे हेही कामच. वेगळे वर्क परमिट मिळाल्याशिवाय त्यातून येणारा एक टीटीही हिशेबात धरू नका. तिकडे एसईएमुळे गणिताच्या शिकवण्यांना मागणी प्रचंड आहे, म्हणून मोह होईल हे आधीच सांगून ठेवतो.

दवाखाना: सरकारी रुग्णालयात थांबावे लागते. खासगी डॉक्टर एका भेटीचे तीनशे ते पाचशे घेतात. कंपनीचा समूह विमा बहुधा आधी तुम्ही भरा आणि नंतर ८० टक्के परत घ्या अशा पद्धतीचा असतो, तो बायको-मुलीला लागू आहे का ते विचारा. खिशातून महिना ४०० धरा. कपडे, फिरणे, रस्त्यावरचे डबल्स – दोन बाऱ्यांमध्ये (तळलेल्या मऊ पुऱ्यांमध्ये) छोले, न्याहारीला पोटभर – यांना १,२००.

बेरीज करू. भाडे ५,५००, वीज ३००, इंटरनेट-फोन ६५०, खाणे ४,२००, गॅस-पाणी १००, गाडी २,४००, शाळा १,६००, दवाखाना ४००, बाकी १,२००. एकूण १६,३५०. हातात १९,२००. उरले २,८५०, म्हणजे ३७,००० रुपये. ते रुपये होतील की नाही हे त्या डॉलरच्या कलमावर.

आणि यात तुमचे व मुलीचे विमानभाडे नाही. मुंबईहून थेट विमान नाही. लंडन, ॲमस्टरडॅम किंवा उत्तर अमेरिकेतून जावे लागते आणि लंडन, न्यूयॉर्क, मायामी, टोरंटोमार्गे गेलात तर तिथला व्हिसा लागतो. माणशी जाता-येता दीड-पावणेदोन लाख रुपये धरले तर दोघींच्या एकाच फेरीचा बोजा चोवीस महिन्यांत विभागून महिना हजार टीटीच्या आसपास जातो. मधे एकदा घरी यायचे ठरले तर तिघांचे मिळून शिल्लक जवळपास साफ.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. आहे त्या अटींवर २४,००० घेऊ नका. पगार वाढवून मागण्यापेक्षा तीन गोष्टी मागा: कंपनीचे घर, तिघांची वर्षातून एकदा तिकिटे, आणि डॉलरचे कलम. घर मिळाले तरच शिल्लक ८,३५० टीटीवर, म्हणजे लाखाच्या पुढे जाते. घराऐवजी भत्ता देऊ म्हणाले तर तो करपात्र आहे हे ध्यानात ठेवा, ५,५०० भाड्यासाठी भत्ता निदान ७,३०० हवा. कंत्राट संपताना ग्रॅच्युइटी आहे का आणि ती कोणत्या चलनात, हेही विचारा. यातले काहीच मिळाले नाही तर मिस्टरांनी एकट्याने जावे, घर वाटून घ्यावे. तसे केले तर आठ-नऊ हजारांत महिना निघतो आणि तुमच्या शिकवण्याही बंद पडत नाहीत.

जायचे ठरलेच, तर निघण्याआधी तिघांनी पिवळ्या तापाची लस अधिकृत केंद्रात घ्या आणि पिवळे कार्ड पासपोर्टला लावून ठेवा. ही लस तिकडे जाण्यापेक्षा इकडे परतताना लागते. त्रिनिदाद भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहे, आणि कार्ड नसेल तर मुंबई विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते, मग आयुष्यभर चालते. पोलीस क्लिअरन्स, पदवी, लग्नाचा आणि जन्माचा दाखला यांचे अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारे सरकारी प्रमाणीकरण, इथेच उरका. बँकेचे संदर्भपत्र न्या, तिथे खाते उघडताना नोकरीच्या पत्राबरोबर ते मागतात. पहिल्या पगारापर्यंत अनामत, भाड्याची गाडी, भांडीकुंडी यांना वीसेक हजार टीटी लागतील. ते अमेरिकी डॉलरमध्ये इथूनच न्या. नोटा माणशी ३,००० डॉलरपर्यंत, बाकीचे फॉरेक्स कार्डावर.

मिक्सर नेऊ नका. तिथे प्लगला ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ वीज येते. आपला २३० व्होल्टचा मिक्सर नुसता कण्हतो, वाटण होत नाही, आणि त्याच्यासाठी लागणारा ट्रान्सफॉर्मर मिक्सरहून जड. भारतीय कंपन्या अमेरिकेसाठी ११० व्होल्टचे मिक्सर बनवतात, त्यातला एक घ्या. इस्त्री, किटली तिथेच मिळतात. लॅपटॉप-मोबाइलचे चार्जर चालतात, फक्त दोन चपट्या पात्यांचे ॲडॉप्टर हवेत. प्रेशर कुकर आणि त्याची जादा रिंग-शिटी न्या. गॅसचा रेग्युलेटर नको, तो बसणार नाही. गोडा मसाला, हिंग, कोकम, पोहे सीलबंद पाकिटांत न्या. आडनावे रामपरसाद, महाराज अशी दिसतील, पण पूर्वज बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशाकडून १८४५ नंतर आलेले, इतक्या पिढ्यांनंतर हिंदी फारशी कुणी बोलत नाही आणि कोकम काय ते कुणाला माहीत नाही.

मोदकांचे: तांदळाचे पीठ दुकानात मिळते, पण ते कोरडे दळलेले आणि जुने असते, त्याची उकड चिरते. धुऊन सावलीत वाळवलेल्या आंबेमोहोराची पिठी इथून दोन किलो न्या आणि तिथे पोचताच फ्रीझरमध्ये टाका. नारळ भरपूर, बाजारात 'ड्राय कोकोनट' मागा. कोरडे खोबरे नाही, आपला सोललेला पिकलेला नारळच मिळतो. गूळ दुर्मिळ आणि महाग, तो एक किलो पिठीच्या शेजारीच बांधून घ्या.